पांढरी सहा ४४६: मामांचा ऑर्गन, ८०० रुपयांचा कीबोर्ड आणि घरातलं रेकॉर्डिंग

आमच्या ऑर्गनची मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, ४४६ हर्ट्झला (सेकंदाला ४४६ कंपनं) बोलते. बाजारातला कुठलाही कीबोर्ड चालू करा, त्याची पांढरी सहा ४४० ला. हा सहा हर्ट्झचा फरक कळायला मला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांतली रेकॉर्डिंग आज ऐकली की दात आंबतात. तुमच्याही घरात कुणाचा तरी ऑर्गन किंवा पायपेटी चादरीखाली पडून असेल, माळ्यावर पोरांचा जुना कॅसिओ असेल, तर या दोघांना एका बिनशब्दांच्या गाण्यात कसं बसवायचं ते सांगते. स्टुडिओ लागत नाही. दोन जाड वाकळा लागतात आणि पहाटे उठावं लागतं.

मी सांगलीत गावभागात राहते, दिवसभर हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. ऑर्गन मामांचा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं, तेव्हापासून या गावाला लागलेलं खूळ उतरलेलं नाही, आणि मामा त्या खुळातले. हौशी संगीत नाटकांना साथ करायचे. तालमीला हातपेटी, प्रयोगाला ऑर्गन. ते गेल्यावर मामेभावाचा फोन आला, "ताई, आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये हा मावत नाही. तू नेतेस, का सुताराला देऊन टाकू?" सुताराला! दुसऱ्याच दिवशी टेंपो पाठवला. कीबोर्ड त्यानंतर वर्षभरानं मिरजेत जुन्या सामानात मिळाला, ८०० रुपयांना. बारक्या पट्ट्यांचा, वरच्या सप्तकातली काळी दोन मुकी, आणि एका वेळी चारच सूर देणारा. पाचवी पट्टी दाबली की आधीचा एक सूर गुपचूप निघून जातो.

आता कामाचं. जे वाद्य आपला सूर बदलू शकत नाही, ते आधी रेकॉर्ड करायचं. बाकी सगळ्यांनी त्याच्यामागं जायचं. ६१ पट्ट्या आणि सुरांचे दोन संच असलेल्या ऑर्गनच्या पोटात १२२ पितळी जिभा असतात, हवेनं थरथरून सूर देणाऱ्या. त्या तुमच्यासाठी हलणार नाहीत. कीबोर्डला हलवता येतं. मी सुरुवातीला नेमकं उलटं करत होते: कीबोर्डवर ताल आणि स्वरमेळ आधी भरायचा, वर ऑर्गन चढवायचा, आणि मग 'काहीतरी खटकतंय' म्हणत आवाज कमीजास्त करत बसायचं.

आधी ऑर्गनची तब्येत

हातपेटी हवा बाहेर ढकलते. आपल्याकडं नाटकात वापरले गेलेले ऑर्गन बहुतेक अमेरिकन घाटाचे, म्हणजे ते हवा आत ओढतात. पॅडल मारलं की भात्यात पोकळी तयार होते आणि खोलीतली हवा जिभांमधून आत खेचली जाते. हे कळलं की एक गोष्ट आपोआप कळते: खोलीतली धूळही त्याच वाटेनं जाते. म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी खोली झाडू नका. आदल्या दिवशी झाडा, ओल्या फडक्यानं पुसा आणि रात्रभर धूळ बसू द्या. मी सकाळी उठून झाडायची आणि तासाभरात एखादा सूर मुका व्हायचा, आणि दोष मी मामांच्या ऑर्गनला द्यायची.

मुका झालेला सूर बहुधा मेलेला नसतो. जीभ आणि तिच्या चौकटीमध्ये एक कण अडकलेला असतो. या ऑर्गनमध्ये प्रत्येक जीभ आपापल्या खाचेत सरकवलेली असते, स्क्रूनं बसवलेली नसते. टोकाला वाकवलेल्या जाड तारेनं ती ओढून काढता येते. मऊ ब्रशनं झटका, फुंकर मारा, त्याच खाचेत परत सारा. एका वेळी एकच काढायची. सहा जिभा काढून वर्तमानपत्रावर मांडल्या आणि मांजर येऊन गेलं, तर त्या दिवशी आणखी काही होत नाही, हे मी सांगू शकते.

उलटी तक्रार म्हणजे एखादा सूर पट्टी सोडली तरी वाजत राहतो. झडपेखाली कचरा असतो, किंवा पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी शेजारणीला घासते. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत हे होणारच. पट्टी कानसू नका, दिवाळीपर्यंत थांबा. लाकूड परत आकसतं.

भाता गळतो का हे बघायला सगळे स्टॉप (सुरांचे संच उघडायच्या, पट्ट्यांच्या वरच्या खुंट्या) आत ढकला, पॅडल मारून भात्यातली हवा काढा, पाय काढा आणि मनात आकडे मोजा. आमचा आता १५ पर्यंत टिकतो. तुमचा तीन-चारलाच सुटला तर वाजवताना पाय भिंगरीसारखे चालवावे लागतील, आणि तो सगळा धडधडाट माइकमध्ये येईल.

पॅडल कुरकुरत असेल तर तेल घालू नका. तेलावर धूळ बसते आणि चामडं सडतं. लाकडावर लाकूड घासत असेल तिथं साधी मेणबत्ती घासा. जिभा घासून सूर लावायचा मोहही टाळा. टोकाकडं घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, हे खरं, पण घासलेलं पितळ परत येत नाही. ते काम जाणत्या कारागिराचं. आणि मागच्या फळीच्या आत डांबरगोळ्यांची पुरचुंडी टांगा, उंदरांना फेल्ट फार आवडतं.

२०१९ च्या ऑगस्टमधलं सांगायलाच हवं. २००५ चा पूर लक्षात होता म्हणून आम्ही ऑर्गन टेबलावर चढवला होता. पाणी टेबलालाही पुरून उरलं. वरच्या जिभा वाचल्या, खालचा भाता मात्र उकलला, कारण तो सरसानं चिकटवलेला होता आणि सरस पाण्यात सुटतो. मी घाईघाईनं बाटलीतला पांढरा गोंद आणून सगळं चिकटवून टाकलं. मिरजेचे एक कारागीर येऊन बघून म्हणाले, "ताई, पाण्यानं नुसतं उकललं होतं, खराब तुम्ही केलं." दोन दिवस ते नुसता गोंद खरवडत होते. मग पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात सरस, असा मंद आचेवर सरस शिजवून भात्याचं कापड नव्यानं बसवलं. पाण्यात सुटतो हाच सरसाचा गुण आहे: पुढच्या दुरुस्तीला तो उकलता येतो.

स्टॉपची नावं इंग्रजी, पण गोष्ट सोपी आहे. नावाखाली ८ असेल तर पट्टीवरचा तोच सूर, ४ असेल तर एक सप्तक वरचा, १६ असेल तर एक सप्तक खालचा. डायपेसन, मेलोडिया हे बहुधा ८ चे, व्हायोला ४ चा. डल्सियाना हा वेगळा संच नसतो. डायपेसनच्याच जिभांवरचं झाकण अर्धंच उघडतं, म्हणून आवाज दबका. बहुतेक स्टॉप अर्ध्याच पट्ट्यांपुरते असतात, डाव्या हाताचा वेगळा आणि उजव्या हाताचा वेगळा. हे माहीत नसलं की 'आमच्या ऑर्गनची उजवी बाजू गेली' असं वाटतं. व्हॉक्स ह्युमाना ओढला की आत एक पंखा फिरायला लागतो आणि सूर थरथरतो. आमचा पंखा दर फेरीला टिक् करतो, म्हणून मी तो रेकॉर्डिंगला वापरत नाही. गुडघ्याच्या दोन दांड्यांपैकी उजवी आवाज उघडते. ती वापरा. लहान-मोठा आवाज गुडघ्यानं केलेला आणि नंतर संगणकावर केलेला यात फरक ऐकू येतो, कारण झडप उघडली की आवाज नुसता वाढत नाही, उजळतो.

४४६ चं गणित

४४० हा काही देवानं दिलेला आकडा नाही. फ्रान्सनं १८५९ मध्ये ४३५ ठरवला होता. ४४० वर लंडनच्या बैठकीत १९३९ मध्ये एकमत झालं. त्याआधीच्या ऑर्गनांना या आकड्याशी देणंघेणं नव्हतं. त्यामुळं तुमचा जुना ऑर्गन ४४० ला असेलच असं धरून चालू नका.

मोजायचं असं. फोनवर कुठलंही मोफत ट्यूनर उतरवा. एकच ८ चा स्टॉप काढा. पॅडल संथ, एकसारखं मारा, कारण जोर दिला की खालचे सूर किंचित उतरतात. पांढरी सहा दहा सेकंद धरा आणि आकडा लिहा. मग तशाच आणखी चारपाच पट्ट्या बघा. सगळ्या सारख्या पुढं-मागं नसतील. आमची काळी चार जरा जास्तच चढलेली आहे. ज्या आकड्याभोवती बहुतेक सूर जमतात तो आपला आकडा. आमचा ४४६, जानेवारीच्या पहाटे. मे महिन्यात दुपारी तोच ४४५ ला येतो, कारण पितळ तापलं की मऊ पडतं.

आता कीबोर्डला तिथं न्यायचं. थोडा बरा कीबोर्ड असेल तर त्याच्या मेन्यूत 'ट्यून' किंवा 'फाइन ट्यून' सापडेल. काहींत थेट हर्ट्झ दिसतात: ४४६ करा, झालं. काहींत सेंट असतात. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत, काळी धरून, १०० सेंट. ४४६ म्हणजे ४४० च्या वर साधारण २३ सेंट. तुमचा ऑर्गन ४३५ चा निघाला तर २० सेंट खाली. काही जुन्या कॅसिओंना मागं किंवा बुडाशी सूर हलवायची बारीक खुंटी असते. आधी ती शोधा.

आकड्यावर थांबू नका, कानानं पक्कं करा. दोन्ही वाद्यांवर पांढरी सहा एकदम धरा. ४४६ आणि ४४० एकत्र वाजले की सेकंदाला सहा लाटा उठतात, व्वा-व्वा-व्वा अशा. जसजसा सूर जवळ येतो तसतशा लाटा मंदावतात आणि सूर मिळाला की थांबतात. मी मुद्दाम पूर्ण थांबवत नाही. दोन सेकंदाला एखादी लाट राहू देते. त्यानं आवाज रुंद होतो.

माझ्या ८०० रुपयांच्या कीबोर्डला यातलं काहीही नाही. खुंटी नाही, मेन्यू नाही. त्यावर मी काढलेली तोड अशी. ऑर्गन रेकॉर्ड झाला की ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर, जुन्या लॅपटॉपवरही चालतं) त्या ट्रॅकची नक्कल काढायची. नकलेला 'चेंज पिच' लावून १.३५ टक्के खाली उतरवायचं, म्हणजे ती ४४० ला आली. मूळ ट्रॅक गप्प करायचा आणि नकलेच्या साथीनं कीबोर्ड वाजवायचा. झालं की कीबोर्डचा ट्रॅक १.३६ टक्के वर चढवायचा, नक्कल पुसायची, मूळ ऑर्गन परत बोलका करायचा. 'चेंज स्पीड' वापरू नका. त्यात लयही हलते. आणि ऑर्गनच कायमचा खाली का उतरवत नाही, असं विचाराल, तर उतरवलेल्या ऑर्गनचा श्वास पिठासारखा होतो. प्लास्टिकच्या कीबोर्डवर तोच संस्कार केला तर कुणाला कळतसुद्धा नाही.

खाली तंबोरा हवा असेल तर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला बारीक सूर लावायचं बटण असतं, तो कानानं ऑर्गनला मिळवा. खरा तंबोरा असेल तर प्रश्नच नाही, तो जिथं न्याल तिथं येतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "आता तुझ्या पेटीलाही मिळू दे." म्हटलं, तिला आधी स्वतःचा सूर मिळू दे.

पट्टीच्या वाद्याचं हे दुखणं जुनं आहे. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (दोन पट्ट्यांच्या मधले बारीक सूर) धरता येत नाही, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं होतं. त्याच्याही आधी याच सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची मापं काढत होते, आणि क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुतींची हार्मोनियम घडवली. मला तेवढं झेपणार नाही. मी एवढंच करते: मींडेच्या जागा ऑर्गनवर मोकळ्या सोडते आणि त्या मैत्रिणीच्या कीबोर्डवर वाजवते, ज्याला सूर वाकवायचं चाक आहे. चाकाची मर्यादा दोन पट्ट्यांवर ठेवायची आणि सावकाश फिरवायचं. बासरीचा आवाज लावू नका, खोटेपणा लगेच कळतो. साधा जुनाट ऑर्गनचाच आवाज लावा. ऐकणाऱ्याला वाटतं, मामांचा ऑर्गनच वाकला.

खोली, वेळ आणि माइक

गावभागात शांतता पहाटे साडेचार ते सहा. त्यानंतर पाण्याच्या मोटारी, मग कुकर, मग शाळेच्या रिक्षा. गणपतीच्या दिवसांत नादच सोडा. मात्र वीज गेली की मी सगळं टाकून बसते. पंखे बंद, मोटारी बंद, शेजारचा टीव्ही बंद, आणि लॅपटॉप बॅटरीवर असल्यामुळं वायरींतली घरघरही नाही. माझी निम्मी चांगली रेकॉर्डिंग खंडित विजेची देणगी आहे.

ऑर्गन भिंतीपासून हातभर पुढं ओढा. समोर पट्ट्यांची खटखट आणि पॅडलची धडधड. मागं मात्र नुसता सूर. म्हणून मागची फळी काढा आणि माइक मागं, दोन-अडीच फुटांवर, छातीच्या उंचीला ठेवा. मागच्या भिंतीवर एक वाकळ दोरीवर टांगा, दुसरी पॅडलच्या खाली अंथरा. ऑर्गनच्या डोक्यावर फोन ठेवून रेकॉर्ड करणारे मी पाहिले आहेत, मीही केलं आहे. लाकूड प्रत्येक ठोका फोनला नेऊन देतं.

फोनवर करायचं तर आवाज आपोआप समान करणारी आणि गोंगाट दाबणारी सोय बंद करता येईल असं ॲप घ्या, आणि वेव्ह फाइलमध्ये करा. ती सोय बंद केली नाही तर ऑर्गनचा लांब धरलेला सूर फोनला पंख्याचा आवाज वाटतो आणि तो इमानदारीनं पुसून टाकतो. मी नंतर दोन चॅनेलचा छोटा यूएसबी साउंडकार्ड आणि एक कंडेन्सर माइक घेतला, दोन्ही वापरलेले. अशा माइकला ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं. ते न दाबता मी अर्धा दिवस वायर बदलत होते. आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या जागेला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये रेकॉर्ड केलं तर हळू आवाजाची भीती नाही, नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा सेकंद काही न वाजवता, नुसतं पॅडल मारत बसा. भात्याचा श्वास वेगळा मिळतो. तुकडे जोडताना तो सांध्यांवर पसरता येतो.

कीबोर्ड आत कसा घ्यायचा

दोन वाटा आहेत. एक, हेडफोनच्या भोकातून वायरीनं. इथं मी फसले होते. हेडफोनचं भोक स्टिरिओ असतं. स्टिरिओ वायरीचं दुसरं टोक साउंडकार्डच्या एकाच भोकात घातलं की ते डावा आणि उजवा यांची वजाबाकी करतं. दोन्हीकडं सारखा असलेला आवाज नाहीसा होतो, उरते फक्त गुंजेची सावली. मी दुकानात कीबोर्ड बिघडला म्हणून घेऊन गेले होते. एका टोकाला स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला डावा-उजवा असे दोन फाटे असलेली वायर घ्या. कीबोर्डचा आवाज तीन चतुर्थांश ठेवा. अडॅप्टरमुळं बुडाशी ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर तो काढा आणि सेलवर चालवा. सेल महाग पडतात, पण घरघर पुसायला जावं तर खर्जही पुसला जातो.

दुसरी वाट मला जास्त आवडते: कीबोर्डला त्याच्याच स्पीकरमधून वाजू द्यायचं आणि माइकनं, ऑर्गनच्याच खोलीत, ऑर्गनच्याच जागी रेकॉर्ड करायचं. वायरीतून आलेला कीबोर्ड कितीही गोड असला तरी ऑर्गनच्या शेजारी तो वेगळ्या गावाहून आल्यासारखा वाटतो. याचंच पुढचं पाऊल म्हणजे तांब्याचा हंडा. छोटा स्पीकर कापडात गुंडाळून रिकाम्या हंड्यात तोंड वर करून सोडायचा, कीबोर्ड त्याला जोडायचा आणि माइक हंड्याच्या तोंडाशी वीतभर वर धरायचा. स्वस्त कीबोर्डचा कर्कशपणा हंडा गिळतो आणि स्वतःची गुंज देतो. हंड्याचा एक सूर ठरलेला असतो, तो आला की घुमतो. थोडं पाणी घातलं की तो सूर चढतो. स्पीकर ओला होणार नाही इतपतच, आणि वायर विजेच्या प्लगची नको, सेलवरचाच स्पीकर वापरा.

चारच सूर देणाऱ्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी वाजवायला जाऊ नका. डावा हात एका ट्रॅकवर, उजवा दुसऱ्या ट्रॅकवर. मुकी पट्टी असेल तर तेवढा सूर ट्रान्स्पोज करून, म्हणजे सगळे सूर एखाद्या पट्टीनं सरकवून, वेगळा वाजवा आणि त्या जागी चिकटवा. माझी काळी दोन अशीच वाजते. आजवर कुणी ओळखलेली नाही.

ताल

स्वस्त कीबोर्डच्या तालांना लोक हसतात. १९८१ च्या कॅसिओ एमटी-४० मध्ये हिरोको ओकुदा या तरुणीनं बसवलेला एक 'रॉक' ताल होता. १९८५ मध्ये जमैकात त्या एका बटणावर गाणं उभं राहिलं आणि तिथलं संगीत त्यानंतर वेगळ्या वाटेला लागलं. तेव्हा हसू नका, पण तो ताल तसाच सोडूही नका. मी कीबोर्डचा वॉल्ट्झ लावते, लय बरीच कमी करते, आणि दादऱ्यासारखा ऐकते. कानाला सवय झाली की ती तीन मात्रांची दोन आवर्तनं सहाची वाटायला लागतात. आपल्याकडच्या बाजारासाठी काढलेल्या कीबोर्डमध्ये केरवा, दादरा भरलेलेच असतात, पण त्यांतला तबला इतका नीटनेटका असतो की शेजारी श्वास घेणारा ऑर्गन आजारी वाटतो.

वर एक हाताचं वाद्य हवंच. पत्र्याच्या डब्यात मूठभर सुकी हळकुंडं घालून हलवा. तांदळाचा आवाज बारीक, हळकुंडांचा लाकडी, खडखडीत, आणि दोघांत मला हाच पसंत. अडतीत नमुन्याची हळकुंडं रोज हाताखालून जातात, त्यामुळं हे वाद्य मला फुकट आहे. मालकांना माहीत आहे.

थरावर थर

हेडफोन वायरीचा घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही त्या उशिराच्या मागं वाजवत राहता. वायरीनंही थोडा उशीर होतोच. ऑडॅसिटीत तो भरून काढायला उणे १३० मिलिसेकंद आधीच घातलेले असतात, पण तुमच्या यंत्राचा आकडा वेगळा असू शकतो. एकदाच तपासा: टक् टक् असा ट्रॅक तयार करा, हेडफोन माइकला चिकटवा, दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा, आणि दोन्ही टक् एकाखाली एक येतात का बघा. जेवढा फरक दिसेल तेवढा सेटिंगमध्ये दुरुस्त करा.

हे करूनही ऑर्गनचा खर्ज मागंच राहील. मोठी जीभ हलायला वेळ घेते. मामा म्हणायचे, "खालच्या सुराला आधी हाक मारावी लागते." वाजवतानाच थोडं आधी दाबायची सवय लागते, नाही लागली तर खर्जाचा ट्रॅक वेगळा करून ५० मिलिसेकंद अलीकडं सरकवा. वरचे सूर सरकवू नका, ते वेळेवर येतात.

एकूण ट्रॅक पाचापेक्षा जास्त करू नये असं माझं मत. माझे ठरलेले: ऑर्गन, खर्ज, हंड्यातला कीबोर्ड, ताल, हळकुंडं. एका सुट्टीच्या दिवशी मी अकरा केले होते आणि शेवटी ऐकताना ऑर्गन शोधावा लागला.

मिसळताना फार काही करत नाही. ऑर्गन मधोमध, कीबोर्ड जरा डावीकडं, हळकुंडं उजवीकडं. कीबोर्डचा अगदी वरचा तीक्ष्ण भाग थोडा कापते. घुमारा घालत नाही, खोलीचा आहे तेवढा पुरे. गोंगाट पुसायचं बटण ऑर्गनला लावायचं नाही. एकदा लावलं होतं. भात्याचा श्वास गेला, आणि त्याबरोबर वाजवणारं माणूसही गेलं. मामेभावाला ते पाठवलं तर तो म्हणाला, "ताई, हा आपला ऑर्गन नाही." न पुसलेलं पाठवलं. त्यात बाराव्या सेकंदाला डाव्या पॅडलची कुरकूर आहे, मेणबत्ती घासूनही न गेलेली. त्याचा उलटा फोन आला, "बाबांचं डावं पॅडल."

फाइल वेव्हमध्ये जपून ठेवा, पाठवायला एमपी३ करा. आणि फाइलच्या नावात तारखेबरोबर ऑर्गनचा त्या दिवशीचा आकडा लिहा. माझ्याकडं जानेवारीच्या फाइलींवर ४४६ आहे, मेच्या फाइलींवर ४४५, आणि पुराच्या आधीच्या दोन फाइलींवर काहीच नाही. त्या दोन्हींत पांढरी सहा कितीला होती ते आता फाइल उघडून, ट्यूनर लावून, एकेक सूर धरून मोजते आहे.